आडवा पाऊस, उभं शहर

पावसाबद्दल मराठी माणसाला कुणी काही शिकवायला जाऊ नये. वळीव, मृगाच्या सरी, श्रावणातला ऊन-पाऊस, कोकणातली आठ-आठ दिवसांची झड आणि मुंबईत रुळांवर साचलेलं पाणी, हा आपला अभ्यासक्रम लहानपणीच पुरा झालेला असतो. म्हणून स्कॉटलंडला निघालेल्या माणसाला कुणी 'तिकडे पाऊस फार हं' म्हटलं, की तो नुसता हसतो. आकडेही त्याच्याच बाजूने असतात. एडिंबऱ्यात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळपास पुण्याएवढाच. मुंबईत एकटा जुलै याहून जास्त पाडून मोकळा होतो.

आकडे खरे आहेत. पण पुण्याचा पाऊस जून ते सप्टेंबर चार महिन्यांची नोकरी करतो आणि गावी जातो. एडिंबऱ्यात तेवढाच पाऊस बारा महिने पुरवायचा असतो, त्यामुळे महिनाअखेरच्या गोडेतेलासारखा तो थेंबाथेंबाने वापरतात. वर्षातले सव्वाशेच्या आसपास दिवस, थोडा थोडा. अंग भिजायला पुरेसा, पण 'आज काही बाहेर पडत नाही' म्हणायला सबब म्हणून अपुरा. शिवाय पाऊस वरून खाली पडतो, एवढी सभ्यता आपण गृहीत धरलेली असते. इथे तो पश्चिमेकडून पूर्वेकडे पडतो.

शहराच्या नावाचंही आधीच सांगून टाकतो. लिहिताना शेवटी 'बर्ग' असल्यासारखं दिसतं, पण तिथले लोक 'एडिंबरा' म्हणतात, आणि सातारा-साताऱ्यात या चालीवर एडिंबरा-एडिंबऱ्यात असं चालवायला माझी हरकत नाही. साताऱ्यासारखंच हेही डोंगराच्या अंगाने वाढलेलं, डोक्यावर किल्ला असलेलं गाव आहे.

पावसाला आपल्याकडे शब्द किती, याचाही आपल्याला उगाच गर्व. स्कॉट लोक यात मागे नाहीत. करड्या गोधडीसारखं आभाळ खाली आलेलं, ओल, गारठा आणि कंटाळा समप्रमाणात मिसळलेला, अशा हवेला ते 'ड्रीख' म्हणतात. शेवटचा ख घशातून, खाकरल्यासारखा काढायचा. तसल्या हवेत दोन दिवस काढले की तो आपोआप निघतो. भुरभुरीहून बारीक, डोळ्यांना न दिसता थेट चष्म्यावर जाऊन बसतो तो 'स्मर'. संस्कृतात स्मर म्हणजे मदन. पण तो इथल्या स्मरात सापडला तर पंचबाण खाली ठेवून आधी रुमाल शोधेल. नखशिखांत भिजलेला माणूस 'ड्रूकिट'. आणि उत्तर समुद्रावरून येणारं दाट, गार धुकं म्हणजे 'हार'. वसंतात आणि उन्हाळ्यात समुद्राचं पाणी थंडच असतं, त्यावर उबदार दमट हवा आली की हा तयार होतो आणि पूर्वेच्या वाऱ्याबरोबर शहरात शिरतो. म्हणजे ऐन सुट्टीत. पाहुण्यांचं स्वागत हाराने होतं, आणि त्या शब्दाचा दुसरा मराठी अर्थ संध्याकाळपर्यंत कळतो.

आता छत्री. आपण नेतो ती तीन घड्यांची, पर्समध्ये मावणारी. तिला साधारण आठ काड्या असतात आणि प्रत्येक काडी दोन ठिकाणी सांध्यात दुमडते. सांधा म्हणजे एक बारीक रिव्हेट. वरून पडणाऱ्या पावसाला ही रचना उत्तम आहे. पण वारा खालून शिरला की छत्रीचं शीड होतं, काड्या जिकडे दुमडायच्या त्याच्या उलट दिशेला जातात आणि तिचा वाडगा होतो. पहिल्यांदा झटका देऊन ती सरळ करता येते. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा एक रिव्हेट निखळतो आणि ती काडी मोडक्या पंखासारखी लोंबू लागते. लोंबती काडी फुटपाथवर शेजाऱ्याच्या बरोबर डोळ्यासमोर येते, म्हणून त्यापुढे छत्री वापरणं हा गुन्हा नसला तरी पाप नक्की आहे.

हे कुठे घडतं तेही ठरलेलं आहे. नॉर्थ ब्रिज, जॉर्ज चौथा ब्रिज आणि वेव्हर्ली स्टेशनातून वर येणाऱ्या पायऱ्या. पूल दोन टेकड्यांमधल्या दरीवर उभे आहेत, दरीतून येणारा वारा पुलावर मोकळा सुटतो. उंच घरांमधल्या बोळांचंही तेच. बोळाचं तोंड ओलांडताना दोन पावलांपुरता एक फटका बसतो आणि पुन्हा सामसूम. वादळी दिवशी कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कचरापेट्यांतून छत्र्यांचे सांगाडे पाय वर करून पडलेले दिसतात. स्थानिक माणूस ओळखायची खूण अशी, की तो छत्री घेत नाही आणि भिजल्याबद्दल बोलतही नाही.

आजोबांची काळी, वाकड्या मुठीची लांब छत्री जास्त टिकते हे खरं. पण ती वाऱ्यापुढे नमत नाही आणि मग प्रश्न छत्रीचा न राहता आजोबांचा होतो. मला विचाराल तर या हवेसाठी तत्त्वतः योग्य वस्तू कोकणातच तयार झाली आहे, ती म्हणजे इरलं. लावणी करताना दोन्ही हात मोकळे, डोकं आणि पाठ झाकलेली, पाऊस मागून आला तरी फिकीर नाही. फक्त ते एडिंबऱ्यात डोक्यावर टिकवायला चार माणसं धरायला लागतील. स्कॉट लोकांनी उपाय काढला तो रबराचा. चार्ल्स मॅकिंटॉश या ग्लासगोच्या रसायनतज्ज्ञाने नॅफ्थात रबर विरघळवून, दोन कापडांच्या मध्ये त्याचा थर देऊन जलरोधक कापड केलं आणि १८२३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सुरुवातीचे ते कोट थंडीत पापडासारखे कडक होत, उन्हात चिकटत आणि वास मारत, तरी खपले. ग्लासगोत एडिंबऱ्याहून बराच जास्त पाऊस पडतो, त्यामुळे तिथल्या गिऱ्हाइकाला वासाचं काही वाटलं नसावं.

तेव्हा जॅकेट. बाहेरच्या लेबलापेक्षा आतली शिवण बघावी. शिवणीवरून आतल्या बाजूने पट्टी चिकटवलेली नसेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत येतं. लेबलावर १०,००० मिलिमीटर असा आकडा दिसतो. तो चेरापुंजीचा वाटला तरी कापडाचा आहे. पाण्याचा तेवढ्या उंचीचा स्तंभ वर उभा केला तरी ते गळत नाही, असा त्याचा अर्थ. टोपीला पुढे कडक झडप हवी आणि मागे आवळायची दोरी हवी. ही दोरी नसली की आपण मान वळवतो आणि टोपी जागेवरच राहते, त्यामुळे रस्ता ओलांडताना उजवीकडे बघितलं तर टोपीचं अस्तर दिसतं. वाहनं त्या अस्तराच्या पलीकडून येत असतात.

जीन्स नको म्हणजे नकोच. सुती कापड वातीसारखं पाणी वर ओढतं. सकाळी बोटभर ओली झालेली जीन्स दुपारी गुडघ्यापर्यंत ओली असते, रात्रभर वाळत नाही आणि दुसऱ्या दिवशी गार, जड, चिकट अशी पुन्हा अंगावर चढवावी लागते. झटपट वाळणारी पातळ पँट बरी. मोजे लोकरीचे, कारण लोकर ओली झाली तरी ऊब पुरती सोडत नाही. आणि एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ मारून. जुलैतही इथलं दिवसाचं तापमान सरासरी १९-२० अंशांवर थांबतं, त्यामुळे 'पावसात भिजण्यातली मजा' हा आपला काव्यविषय इथे दहा मिनिटांत संपतो.

बुटांचं प्रकरण रस्त्यामुळे होतं. जुन्या शहराचे रस्ते विटेच्या आकाराच्या घडीव दगडांनी बांधलेले आहेत. तिथे त्यांना 'सेट' म्हणतात, आणि शतकानुशतकांच्या पायांनी आणि चाकांनी त्यांची पाठ घोटून गुळगुळीत केली आहे. कोरडे असताना ते फोटोत छान येतात. ओले झाले की उतारावर चामड्याचा तळवा किंवा घासलेले स्नीकर सरळ घसरतात. पाय दगडाच्या पाठीवर न टाकता दोन दगडांच्या फटीवर आडवा टाकायचा, फट धरते. चाकांची बॅग ओढत असाल तर त्या फटी तुमचं चाक धरतील.

चालायचं कुठून कुठे, याचं उत्तर एका हिमनदीने देऊन ठेवलं आहे. किल्ल्याचा खडक म्हणजे सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला रस. काळा, कठीण, आपल्या सह्याद्रीच्या जातकुळीचा, पण वयाने त्याच्या पाचपट. हिमयुगात बर्फ पश्चिमेकडून सरकत आलं, या खडकावर आपटून दोन्ही बाजूंनी फुटलं आणि खडकाच्या आडोशाला पूर्वेकडचा मऊ भाग शेपटीसारखा शिल्लक राहिला. त्या शेपटीवर रॉयल माइल हा रस्ता आहे, वर किल्ला आणि खाली होलीरूडचा राजवाडा. लांबी सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे जुना स्कॉटिश मैल, आणि उतार सुमारे ६७ मीटर. वाराही बहुतेक दिवस पश्चिम-नैर्ऋत्येकडूनच येतो. म्हणून सकाळी किल्ल्यापासून निघून पूर्वेला उतरत जावं: चढ नाही आणि पाऊस पाठीवर. उलट गेलात तर हेच अंतर तोंडावर पाणी मारून घेत चढायचं. 'हार' असेल तर वारा पूर्वेचा असतो आणि हा हिशेब उलटतो, पण त्या दिवशी समोरचं काही दिसतच नाही, तेव्हा दिशेला फारसा अर्थ राहत नाही.

किल्ल्याचं तिकीट वेळेप्रमाणे मिळतं. आधी ऑनलाइन काढून सकाळी साडेनऊची, दार उघडतानाची वेळ घ्यावी. दारापुढचं पटांगण हा शहरातला सर्वांत उघडा तुकडा. तिथे फोटो काढायला थांबू नये. आत गेल्यावर मराठी माणूस सवयीने आधी पाण्याची टाकी शोधतो, आणि ती शंका रास्त आहे. हा कातळ पाणी मुरू देत नाही, त्यामुळे वरच्या भागात २८ मीटर खोल विहीर खोदूनही ती वेढ्याच्या आणि दुष्काळाच्या दिवसांत आटायची. १५७३ च्या वेढ्यातही पाण्याने दगा दिला. इतक्या पावसाच्या गावात किल्ला तहानेने टेकीला यावा, हे वाचताना बुटातून पाणी निथळत असलं की इतिहास जरा जास्त समजतो. बाराव्या शतकातलं सेंट मार्गारेटचं चॅपल ही शहरातली सर्वांत जुनी इमारत, आणि ती आपल्या गावच्या मारुतीच्या देवळाएवढी. सर आली की तीत माणसं अशी दाटतात, की भक्तीचा संशय यावा. 'मॉन्स मेग' ही १४४९ ची प्रचंड तोफ बाहेरच आहे. तिच्या तोंडात डोकावून आडोसा घेण्याचा मोह अनेकांना होतो. राजमुकुट बघण्याची रांग मात्र पावसात मोठी होते, कारण ती छपराखाली आहे.

दुपारी एकला खरी तोफ उडते. रविवार, गुड फ्रायडे आणि ख्रिसमस सोडून रोज. हिचंही मूळ हवेतच आहे. बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून कॅल्टन टेकडीवरच्या नेल्सन स्मारकाच्या डोलकाठीवरून बरोबर एकला एक गोळा खाली सोडायची पद्धत आधी होती. धुकं पडलं की गोळा दिसेना. मग १८६१ पासून तोफ सुरू झाली. लिथ बंदर तीन-साडेतीन किलोमीटरवर, म्हणजे आवाज पोहोचायला दहाएक सेकंद लागतात. कुठे किती सेकंद वजा करायचे याचे नकाशेही छापले होते. आणि बाराला न उडवता एकला का? बाराला बारा बार काढावे लागले असते, अकरांची बचत झाली, असं तिथे गमतीने सांगतात. सदाशिव पेठेतल्या माणसाला ही गंमत वाटणार नाही. त्याला तो साधा हिशेब वाटेल.

किल्ल्यातून उतरलं की डाव्या हाताला पांढऱ्या घुमटाची इमारत लागते, कॅमेरा ऑब्स्क्युरा. छपरावरच्या आरशातून आणि भिंगांतून बाहेरच्या शहराचं जिवंत चित्र आतल्या अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या गोल टेबलावर पडतं. सारा कारभार बाहेरच्या उजेडावर. म्हणून पावसात इथे शिरायचा मोह आवरावा. तिकीट तेच, पण टेबलावर शहराऐवजी वरणासारखं काहीतरी पसरलेलं दिसतं. हा मनोरा १८९२ मध्ये नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी घेतला होता. आधी वर चढून गाव सगळं मिळून बघा, मग खाली उतरून तपशील बघा, असा त्यांचा आग्रह. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि गोविंद सदाशिव घुर्ये यांना शिकवून गेले. मुंबईच्या जुलैत मनोऱ्यावरून गाव बघायची पद्धत त्यांनी कशी चालवली असेल, याचं मला कुतूहल आहे.

रॉयल माइलच्या दोन्ही बाजूंना पापलेटच्या काट्यासारखे बोळ फुटतात. त्यांना 'क्लोज' म्हणतात. काही इतके अरुंद, की समोरून माणूस आला तर एकाने भिंतीला पाठ लावायची, आणि भिंत ओली. दुतर्फा सहा-सात मजली दगडी घरं, मागच्या उताराच्या बाजूने त्याहून उंच. जुन्या काळी वरच्या खिडकीतून 'गार्डीलू!' अशी आरोळी यायची आणि पाठोपाठ रात्रभराचं सगळं साठलेलं. 'पाणी सांभाळा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा तो अपभ्रंश. पाणी हा शब्द त्यात सौजन्याखातर आहे. ते सगळं उताराने वाहत उत्तरेच्या तळ्यात जायचं. ते तळं उपसलं, त्या जागी आता प्रिन्सेस स्ट्रीटची सुंदर बाग आहे आणि तिथली फुलं फार टवटवीत असतात. आज बोळांतून वाहतं ते निव्वळ पावसाचं पाणी, पण त्यांच्या पायऱ्या मधोमध झिजून पन्हळीसारख्या झाल्या आहेत आणि पाणी तिथूनच उतरतं. कडेने, कठडा धरून उतरावं. फलकावर बोळाचं देखणं नाव दिसलं म्हणून प्रत्येकात शिरू नये. उतरलेली प्रत्येक पायरी परत चढायची असते.

इथेच मोबाइलवरचा नकाशा माणसाला फसवतो. हे शहर दोन मजली आहे. नकाशात साउथ ब्रिज आणि काउगेट हे रस्ते एकमेकांना छेदतात. प्रत्यक्षात एक दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो. 'आता डावीकडे वळा' असा हुकूम येतो तेव्हा डावीकडे कठडा असतो आणि हवा तो रस्ता खाली, बसच्या टपासकट दिसत असतो. त्यात उंच दगडी भिंतींवरून सिग्नल परावर्तित होतो, तुमचा निळा ठिपका शेजारच्या बोळात जाऊन उभा राहतो, आणि ओल्या काचेवर बोट फिरवलं तर नकाशा थेट नॉर्वेला सरकतो. पावसाचा थेंबही त्या काचेला बोटच वाटतो. कागदी नकाशा बरा म्हणावा तर त्याची पंधरा मिनिटांत लापशी होते. यावर एकच इलाज: निघण्यापूर्वी छपराखाली नकाशा बघून पुढची तीन वळणं पाठ करावीत आणि ती संपली की पुन्हा एखाद्या दारात शिरावं. साउथ ब्रिजची गोष्टही पावसाचीच. १७८८ मध्ये खुल्या झालेल्या या पुलाला १९ कमानी आहेत, त्यातली एकच उघडी दिसते. बाकीच्या इमारतींनी गिळल्या. त्या कमानींच्या पोटात कारागिरांसाठी खोल्या काढल्या, पण वरचा रस्ता नीट जलरोधक केला नाही. पाणी झिरपू लागलं, धंदेवाले निघून गेले आणि पुढे अगदीच गरीब माणसं तिथे राहिली. आता तिथे पैसे घेऊन भुतं दाखवतात. पण गळती अस्सल आहे.

दुपारच्या मोठ्या सरीसाठी मात्र जॉर्ज चौथा ब्रिज ओलांडून चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय गाठावं. वाटेत कोपऱ्यावर ग्रेफ्रायर्स बॉबीचा पुतळा आहे, मालकाच्या थडग्याजवळ चौदा वर्षं बसला म्हणतात तो कुत्रा. पर्यटकांनी त्याचं नाक घासून घासून पिवळं केलंय, तसं करू नये. निरोगी कुत्र्याचं नाक ओलं असतं या हिशेबाने पावसात बॉबी अगदी ठणठणीत दिसतो. संग्रहालयाला प्रवेश फुकट. आत शिरताच चष्म्यावर बाष्प धरतं. तो ओल्या शर्टाला पुसू नका, दोन मिनिटं हातात धरून उभं राहिलात तर काच आपोआप निवळते. मग लोखंडी खांबांचं, काचेच्या छताचं उंच दालन दिसतं. त्या छतावर पडणारा पाऊस हा या शहरातला मला आवडणारा एकमेव पाऊस. क्लोन करून जन्मलेली डॉली मेंढी इथे काचेच्या पेटीत आहे, आणि त्या दिवशी आख्ख्या स्कॉटलंडात कोरडी असलेली मेंढी बहुधा तीच. लुईस बेटावर १८३१ मध्ये सापडलेल्या, वॉलरसच्या दातातून कोरलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांपैकी अकरा इथे आहेत. त्यातली राणी गालाला तळहात लावून डोळे विस्फारून बसली आहे. अभ्यासक त्या मुद्रेचे अर्थ लावतात. बाराव्या शतकात त्या बेटांवर पाऊस असाच पडत असेल, तर मला अर्थ लावायची गरज वाटत नाही.

जेवणाचं थोडक्यात सांगतो. सूप घ्यावं. मसुरीचं सूप बहुतेक ठिकाणी असतं. शाकाहारी आहे ना, हे विचारावं, कारण काही जण त्यात डुकराच्या हाडांचं पाणी घालतात. मासे चालणाऱ्यांनी 'कलन स्किंक' घ्यावं. शाळेत स्किंक म्हणजे सापसुरळी असं शिकलेल्यांनी घाबरू नये. धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा आणि दूध असं ते दाट सूप आहे. भज्यांची आठवण येणारच, तिच्या जागी बटाट्याचे जाड चिप्स मिळतात. एडिंबऱ्यात त्यावर मीठ आणि तपकिरी, पातळ, आंबट सॉस ओततात. ग्लासगोत मीठ आणि व्हिनेगर, आणि यावरून दोन्ही शहरांचं मिसळीवरून पुणे-कोल्हापूरचं होतं तसं होतं. तळण बऱ्याच दुकानांत गाईच्या चरबीत असतं, तेव्हा ज्यांना पाळायचं आहे त्यांनी आधी विचारावं. आणि दुकानातच उभं राहून संपवावेत. बाहेर नेले की कागद वरून पावसाने आणि आतून सॉसने विरघळतो.

परत रॉयल माइलवर येताना सेंट जाइल्स चर्च. आत जाण्यासाठी तिकीट नाही, ऐच्छिक देणगी आहे. थिसल चॅपलमध्ये लाकडात कोरलेला देवदूत चक्क बॅगपाइप वाजवतोय. बाहेर फरसबंदीत दगडांचं हृदय जडवलं आहे. तिथे जुना तुरुंग होता, आणि जाता-येता त्यावर थुंकायची स्थानिकांची रीत आहे. आपल्याला हे फार घरचं वाटतं. पावसात ते हृदय धुऊन स्वच्छ होतं, तेव्हा फोटो काढायचा तर याच दिवशी, फक्त पाय बाजूला ठेवून.

आणखी खाली जुन्या वेशीची जागा रस्त्यात पितळी पट्ट्यांनी दाखवली आहे. पितळ, उतार आणि पाणी; पट्ट्यांवर पाय नको. शेजारच्या बोळाचं नाव 'वर्ल्ड्स एंड', जगाचा शेवट, कारण वेशीबाहेरचं जग गाववाल्यांच्या हिशेबात नव्हतं. सकाळपासून चाललेल्या माणसाला हे नाव पटतं. पण अजून कॅननगेट, म्हणजे रॉयल माइलचा शेवटचा तुकडा, बाकी असतो. तिथल्या चर्चच्या आवारात अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांचं थडगं आहे. बाजार चालवणाऱ्या त्यांच्या अदृश्य हाताविषयी वाद घालणारे घालोत. छत्री उलटवणारा अदृश्य हात त्या आवाराच्या फाटकात रोज अनुभवाला येतो.

तळाशी राजवाड्यासमोर स्कॉटिश संसदेची २००४ मध्ये खुली झालेली इमारत आहे. सुरुवातीचा अंदाज १ ते ४ कोटी पौंडांचा, बिल आलं ४१ कोटी ४० लाखांचं. घर बांधलेल्या कुणालाही यात नवल वाटू नये. प्रवेश फुकट, कॅफे आहे, स्वच्छतागृह उत्तम. दाराशी विमानतळासारखी तपासणी असते आणि निथळतं जॅकेट ट्रेमध्ये ठेवावं लागतं, त्याला इलाज नाही. परतीला चढ चालण्याचा हट्ट करू नये, बस घ्यावी. ड्रायव्हर सुट्टे परत देत नाही. नेमके पैसे टाका किंवा कार्ड टेकवा. कंडक्टरच नसल्यामुळे सुट्ट्यांवरून भांडायची सोय नाही. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तरी काचेवर आतून सगळ्या प्रवाशांच्या ओल्या कपड्यांची वाफ धरलेली असते. बाहीने एक गोल पुसून घ्यावा.

खोलीवर आल्यावर बूट रेडिएटरवर ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, तळव्याचा गोंद सुटतो आणि चामडं तडकतं. आतले तळवे बाहेर काढायचे, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घट्ट कोंबायचे, तासा-दोन तासांनी ओले बोळे काढून कोरडे भरायचे. रात्री झोपण्यापूर्वी तिसरा भरणा झाला की सकाळपर्यंत बूट घालण्याजोगे होतात. रेडिएटरवर मोजे पसरावेत. वर्तमानपत्र हॉटेलच्या स्वागतकक्षात मागितलं तर मिळतं. कोंबायला सुरुवात हवामानाच्या पानापासून करावी.